स्विचच्या किल्ल्या कुणाकुणाकडे?



काट्यावर झालेले उसाचे वजन आता केबलमधून हिशेब खात्यात जाते. काटा, शेती खाते, प्रयोगशाळा या सर्वांच्या केबली ज्या पेटीत येतात, तिला नेटवर्क स्विच म्हणतात. पाटाचे पाणी जिथून चाऱ्यांना वाटले जाते, तशी ही जागा.

या पेटीत आपले वजन साठत नाही, हे खरे. पण लॉगिन करून तिच्यात शिरलेला माणूस काट्याचे पोर्ट बंद करू शकतो, किंवा त्यावरून जाणाऱ्या माहितीची नक्कल दुसऱ्या पोर्टवर काढू शकतो. ऐन हंगामात नोंद अडली, तर गाड्यांची रांग लागणार, तोडलेला ऊस वाळणार, अन् घट कुणाच्या पदरात? आपल्याच! म्हणून हा प्रश्न एकट्या संगणक विभागाचा नाही, असे आम्हांस वाटते.

पुष्कळ ठिकाणी सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड असतो. ठेकेदाराचा माणूस तोच वापरतो, नोकरी सोडून गेलेल्यालाही तोच ठाऊक असतो. मग काही बिघडलं की, "मी नव्हतो बुवा!" सोसायटीच्या तिजोरीला असं चाललं असतं का?

आमचे म्हणणे साधे आहे. प्रत्येकाला स्वतःच्या नावाचे लॉगिन असावे. सिस्कोच्या स्विचमध्ये अधिकाराच्या ० ते १५ पायऱ्या असतात. पायरी १ वर मुख्यतः पाहता येते, १५ वर सर्व काही बदलता येते. ज्याचे काम पाहण्याचे, त्याला पाहण्यापुरतेच द्यावे. लॉगिनची तपासणी रेडियस किंवा टॅकॅक्स प्लस पद्धतीच्या मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवावी. म्हणजे कोण केव्हा आत आला याची नोंद ठेवता येते, आणि गेलेल्याचे नाव एकाच जागी कमी करता येते. सर्व्हर बंद पडलाच, तर स्विचमधले एक राखीव लॉगिन सीलबंद लिफाफ्यात तिजोरीत असावे. टेलनेट पासवर्ड पोस्टकार्डासारखा उघडा पाठवते. ते बंद करून एसएसएच वापरावे, तेही ठरलेल्या संगणकांवरूनच.

कुणी म्हणेल, नोकरांवर विश्वास नाही का? आहे. पण काट्यावर विश्वास असूनही आपण पावती घेतोच ना? नोंद असली म्हणजे निर्दोष नोकराच्या माथी खापर फुटत नाही.

बॉयलर पेटण्यापूर्वी संचालक मंडळाने लॉगिनची यादी तपासावी. सभासदांनीही सभेत पासवर्ड विचारू नये, पण 'किल्ल्या किती, अन् कुणाच्या नावावर?' एवढे जरूर विचारावे.