दुसरी गोळी आली म्हणून पहिली बंद करू नका

लेकराला फिट येते. गोळी चालू असूनही फिट थांबत नाही, म्हणून डॉक्टर आणखी एक गोळी लिहून देतात. आपल्या वस्त्यांत गडबड होते ती इथेच. काही घरांत नवी गोळी आली की जुनी बंद होते. काही घरांत ‘एकीने गुण नाही, दुसरीने काय होणार’ म्हणून दोन्ही बंद होतात आणि लेकराला देवऋषाकडे नेले जाते. माता-भगिनींनो, दुसरे औषध पहिल्याच्या जोडीला असते. पहिले अचानक तोडले तर फिटवर फिट येऊन जिवावर बेतू शकते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय आणि हळूहळू कमी केल्याशिवाय कोणतीच गोळी थांबवू नका.

दहापैकी सहा-सात रुग्णांची फिट पहिल्या किंवा दुसऱ्या औषधाने आटोक्यात येते. म्हणून ‘औषध लागू पडत नाही’ म्हणण्याआधी तीन गोष्टी डॉक्टरांना विचारा. लेकराचे वजन वाढले, तसा डोस वाढवला का? फिटच्या प्रकाराला ही गोळी योग्य आहे का? कार्बामाझेपिनने काही मुलांची फिट उलट वाढते. फिटचा मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवलात तर डॉक्टरांना प्रकार ओळखायला मोठी मदत होते. आणि तिसरी गोष्ट, मधे किती दिवस गोळी चुकली, हे खरे सांगा.

ही तिसरी गोष्ट आपल्या जिल्ह्यात फार महत्त्वाची आहे. पाथर्डी, शेवगावकडची कुटुंबे ऊसतोडीला जातात ती महिनोन्‌महिने. सोबत नेलेल्या गोळ्या कोपीवर संपतात आणि कारखान्याच्या गावात कोणाची ओळख नसते. परत आल्यावर केसपेपरवर ‘औषधाने फरक नाही’ असे लिहिले जाते. खरे तर औषध लेकराच्या पोटात गेलेलेच नसते. यात आईबापांना बोल लावून काय होणार? मजुराच्या कामाचा हंगाम आहे तेवढी औषधे हाती देणे हे दवाखान्याचे काम आहे.

जोडीच्या औषधाचे त्रासही माहीत हवेत. क्लोबाझामने गुंगी येते, लाळ गळते. लेव्हेटिरासिटामने काही मुले चिडचिडी होतात. लॅमोट्रिजिनने अंगावर पुरळ उठले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर हा धोका जास्त, म्हणून लॅमोट्रिजिन अगदी थोड्या डोसने सुरू करतात. फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

योग्य निवडलेली दोन औषधे पुऱ्या डोसात, नियमित घेऊनही फिट येत असेल तर तिसऱ्या-चौथ्या गोळीने ती पूर्ण थांबण्याची शक्यता कमी असते. अशा वेळी गावातच गोळ्या वाढवत बसू नये. मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवण्याची चिठ्ठी मागा. एमआरआय, विशेष आहार, काही मुलांत शस्त्रक्रिया असे मार्ग तिथे तपासले जातात.

क्लोबाझाम आणि लेव्हेटिरासिटाम दोन्ही देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी-शाळेतील मुलांची तपासणी होते, त्यात फिटचा आजारही येतो. मग आपल्या आयांच्या हाती बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी का पडावी?

म्हणून रविवारी विहारात जमाल तेव्हा वस्तीतल्या फिट येणाऱ्या मुलांचे घरचे एकत्र बसा. कोणाला कोणती गोळी लागते, ते लिहून काढा. ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्या, की ऊसतोडीला निघण्याआधी तीन महिन्यांची औषधे मिळावीत. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. एकट्या आईला ‘साठा नाही’ म्हणून परत पाठवणे सोपे असते. वीस आया पोच घेऊन उभ्या राहिल्या की उत्तर द्यावेच लागते.