आनंदाची सक्ती नको

सध्या आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून 'आत्मिक संजीवन' हा शब्द फार ऐकू येतो. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मांडव पडतो, बाहेरगावचे वक्ते येतात, गिटार आणि ड्रम येतात, दोन-तीन दिवस सभा चालतात. मला याचे वावडे नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर "मावशीला नवे काही खपत नाही" असे भाचेमंडळी म्हणायची! रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग, भजने रचली, कीर्तने केली, तेही त्या काळी नवेच होते. टाळ-मृदंग चालतो तर गिटारने काय घोडे मारले?

माझे म्हणणे वेगळे आहे. रेशनच्या दुकानात कार्ड दाखवावे तसा हल्ली या सभांमधून विश्वासाचा पुरावा म्हणून आनंद दाखवावा लागतो. हात वर करा, टाळ्या वाजवा, शेजाऱ्याकडे बघून हसा... आणि जो हसत नाही त्याचा विश्वास कच्चा!

माझ्या नात्यातल्या एका बाईंचे यजमान वारले. त्याला दोन महिनेही झाले नसतील, घरच्यांनी त्यांना आग्रहाने अशा एका सभेला नेले. त्या मागच्या रांगेत डोळे मिटून बसल्या होत्या. सभा संपल्यावर एक भगिनी जवळ आली आणि म्हणाली, "प्रभूमध्ये असल्यावर दुःख कसले? तुम्ही अजून सगळे त्याच्यावर सोपवले नाही, म्हणून आनंद येत नाही." तिचा हेतू वाईट नसावा. पण त्यानंतर या बाई कितीतरी महिने देवळात आल्या नाहीत. नवरा गेल्याचे दुःख होतेच, त्यात आपला विश्वासही खोटा की काय, ही नवी टोचणी लागली.

हे मला मुळीच पटत नाही. पवित्र शास्त्रालाही ते पटत नाही असे मला वाटते. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे आहेत. त्यात स्तुतीची आहेत तशी रडण्याची, देवाला जाब विचारण्याचीही पुष्कळ आहेत. लाजाराच्या कबरेपाशी स्वतः प्रभू रडला, आणि थोड्याच वेळात त्याला उठवणार होता तरी रडला. पौलाने फिलिप्पैकरांस पाठवलेले पत्र आनंदाने भरलेले आहे, पण ते तुरुंगातून लिहिलेले आहे. गलतीकरांच्या पत्रात त्याने आनंद हा आत्म्याच्या फळात मोजला आहे. फळ म्हटले म्हणजे आधी मोहोर, मग कैरी, मग आंबा! झाडाखाली उभे राहून टाळ्या वाजवल्या म्हणून ते लवकर पिकत नाही.

आपल्या महाराष्ट्रातलीच माणसे बघा. टिळकांना 1893 मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने नवा करार दिला, आणि फेब्रुवारी 1895 मध्ये त्यांनी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर मात्र आभाळ कोसळले. त्यांचे सोवळे, त्यांचा देव, त्यांचे माहेर सगळे अलीकडे, आणि नवरा पलीकडे. त्यांना पाच वर्षे लागली. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने. त्यांची 'स्मृतिचित्रे' वर्गात शिकवताना मुले खो-खो हसत आणि मध्येच गप्प होत. एवढे हाल सोसलेली बाई असे हसवते कशी? मला वाटते, तेच तिचे संजीवन. तिला कोणी हस म्हणून सांगितले नव्हते.

पंडिता रमाबाईंचेही तेच. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण 1907 सालच्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात की ख्रिस्ती धर्म मिळाला तरी खुद्द ख्रिस्त मिळायला आणखी आठेक वर्षे गेली. रमाबाईंसारख्या विदुषीला आठ वर्षे लागतात, आणि आपण शुक्रवार ते रविवारात सगळे उरकू पाहतो!

पुढे 1905 मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनात मोठे संजीवन झाले, त्याचे दाखले आजच्या सभांतून नेहमी देतात. पण अर्धेच देतात. तिथे सुरुवात टाळ्यांनी झाली नव्हती. मुली आधी रडल्या, तासन्‌तास प्रार्थना करीत राहिल्या, मग गाऊ लागल्या. त्यानंतर त्यांच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांतून शुभवर्तमान सांगत फिरल्या. आणि या मुली होत्या कोण? बऱ्याचशा दुष्काळातून वाचवून आणलेल्या, बालविधवा, टाकलेल्या. रमाबाईंनी स्वतः आईबाप, बहीण, भाऊ, नवरा, आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा, सगळ्यांचे मरण पाहिले. तरी मराठी बायबलच्या भाषांतराचे काम त्यांनी 1922 मधल्या आपल्या मृत्यूपर्यंत सोडले नाही. ते बायबल 1924 मध्ये त्यांच्याच छापखान्यातून निघाले. दुःख संपल्यावर मग काम, असे त्यांनी केले असते तर ते झालेच नसते.

म्हणून पाळकसाहेबांना आणि सभा भरवणाऱ्या तरुण मंडळींना माझी विनंती आहे. गाणी गा, मनापासून गा. पण मागच्या रांगेत गप्प बसलेल्या माणसाला गप्प बसू द्या. सभेत अर्धा तास तरी असा ठेवा की ज्यात कोणी काही करायला सांगणार नाही. आणि सभा संपल्यावर पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी एक चक्कर मारा. उपदेश करू नका, चहा घ्या, त्याचे ऐका. आमच्या त्या बाई पुन्हा देवळात येऊ लागल्या त्या अशाच. शेजारची एक मुलगी दर बुधवारी संध्याकाळी त्यांच्याकडे येऊन बसायची, कधी भाजी निवडू लागायची. तीन-चार महिन्यांनी एका रविवारी बाई तिच्याबरोबर आल्या. गाणे मात्र त्यांनी नाताळातच म्हटले.

असो. पुष्कळांना माझे म्हणणे पटणार नाही, ठाऊक आहे. तुमच्या मंडळीतला अनुभव काय आहे, जरूर लिहा.