वार्तेचें वाहन

वार्ता तीच राहते, केवळ तिचें वाहन बदलतें, असा आपला सर्वसाधारण समज असतो. पत्र काय, तार काय किंवा हल्लींचा मोबाइल काय, मजकूर पोंचला म्हणजे झालें! परंतु किंचित् विचार केल्यास हा समज टिकत नाहीं, असें वाचकांच्या ध्यानांत येईल.

मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांतील एक व्यवस्था पाहा. परदेशीं वारलेल्या सपिंडाची वार्ता दहा दिवसांच्या आंत कळल्यास उरलेल्या दिवसांचेंच अशौच. दहा दिवस उलटल्यावर कळल्यास तीन रात्रींचें. वर्ष लोटल्यावर कळल्यास केवळ स्नानानें शुद्धि. वार्ता पायीं चालत येई, त्या काळाशीं शास्त्रानें घातलेली ही सांगड होय. पुढें १८५० मध्यें कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान पहिली प्रायोगिक तार चालूं झाली आणि १८५५ पासून ती लोकांस खुली झाली. तारेचें जाळें जसजसें पसरलें तसतसें दूरगांवचें निधन एक-दोन दिवसांतच कळूं लागलें. आणि जेथें पूर्वीं तीन रात्रींवर भागे तेथें जवळजवळ पुरे दहा दिवस पाळणें आलें. श्लोकांतील एक अक्षरहि न बदलतां घरांतील आचार बदलला, तो तारेनें!

तारेस शब्दागणिक पैसे पडत, म्हणून निकडीवांचून कोणी तार करीत नसे. आणि निकड बहुधा आजाराची किंवा मृत्यूची. यामुळें तारवाला दारांत दिसतांच, लखोटा फोडण्यापूर्वींच, घरांत रडें सुरू होई. मग आंत मुलगा परीक्षेंत उत्तीर्ण झाल्याची वार्ता कां असेना! १८७९ मध्यें आलेल्या पोस्टकार्डाची रीत निराळी. तें उघडें, म्हणून लिहिणारा जपून लिही. शुभ पत्राच्या माथ्यावर 'श्री' असे. अशुभ वार्तेचें कार्ड 'श्री'वांचून लिहीत आणि वाचतांच फाडून टाकीत. मजकुराआधींच मन सावध होई.

ती तार जुलै २०१३ मध्यें बंद झाली. आतां बारशाचें आमंत्रण, थट्टा, देवाचें चित्र आणि मरणाची वार्ता हीं सारीं व्हॉट्सॲपवर एकाच घंटीनें, एकाच ठशांत, एकाखालीं एक येतात. आमच्या परिचयाच्या एका घरीं वृद्ध आजींस धाकट्या भावाचें निधन कळलें, तें कुटुंबाच्या ग्रुपवर, दोन विनोदांच्या मधें. खालीं नातवंडांनीं जोडल्या हातांचीं चित्रें पाठवून दुखवटा उरकला होता. कोणी खोटें बोललें नव्हतें, कोणीं उशीरहि केला नव्हता. तरी आजी म्हणाल्या, "मला कोणीं सांगितलेंच नाहीं." त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. त्यांस कळलें होतें. सांगितलें मात्र कोणींच नव्हतें.

नव्या साधनाची आम्ही निंदा करीत नाहीं. परदेशीं असलेल्या मुलाचा चेहरा आईस रोज दिसतो, हें सुख लहान नव्हे. परंतु जुनीं साधनें वार्तेचें वजन आपणच सांगत; नवें साधन तें सांगत नाहीं, म्हणून तें काम आतां माणसांवर येऊन पडलें आहे. सबब आमची सूचना एवढीच कीं, मृत्यूची किंवा गंभीर दुखण्याची वार्ता ग्रुपवर घालण्यापूर्वीं वडील मंडळींस कोणीं तरी जवळ बसून सांगावी. दूर असल्यास फोनवर, स्वतःच्या आवाजानें. हें काम घरांत कोणाचें, तें प्रत्येक कुटुंबानें तशी वेळ येण्याआधींच ठरवून ठेवावें.