‘ऐच्छिक’ मराठीत इच्छा कोणाची?

एम. ए. मराठीच्या अभ्यासक्रमात ‘व्यावहारिक’ अथवा ‘उपयोजित’ मराठीची अभ्यासपत्रिका आता बहुतेक ठिकाणी रुळली आहे. तिच्याविषयी आमच्या व्यवसायबंधूंमध्ये दोन मते ऐकू येतात. एका मते ती साहित्याच्या वर्गात पोटापाण्याने केलेली घुसखोरी. दुसऱ्या मते मराठीच्या पदवीला नोकरी मिळवून देणारी जडीबुटी. आम्हांला ही दोन्ही मते सारखीच आळशी वाटतात. या पत्रिकेत प्रत्यक्ष काय शिकवले जाते, याची चौकशी दोन्हींकडून होत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाची नवी घडी बसली. दोन वर्षांत ८८ श्रेयांक, आणि प्रत्येक सत्रात त्यांपैकी ४ ऐच्छिक विषयाचे. कागदावर विद्यार्थ्यापुढे पर्याय असतात. परंतु ज्या विभागात दोन पूर्णवेळ अध्यापक आणि एखादा तासिका तत्त्वावरचा, तेथे तीन पर्याय चालवणार कोण? विभाग एक पत्रिका निवडतो आणि विद्यार्थी तिच्यासमोर खूण करतो. यास ऐच्छिक म्हणणे हा शब्दाचा चांगलाच लवचीक वापर झाला. ही अडचण पैशाची आणि पदभरतीची आहे. ती येथे सुटणार नाही, म्हणून तिच्यावर अधिक लिहीत नाही.

आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे. चार श्रेयांक म्हणजे साठ तास. त्यांत पत्रलेखन, इतिवृत्त, टिप्पणी, जाहिरात, भाषांतर, मुद्रितशोधन, सूत्रसंचालन, संहितालेखन, आणि अलीकडे समाजमाध्यमेही. इतक्या गावांची यात्रा साठ तासांत करायची म्हटल्यावर प्रत्येक ठिकाणी देवळाला बाहेरूनच नमस्कार घडतो. मग परीक्षेत प्रश्न येतो, ‘उत्तम पत्राची वैशिष्ट्ये सांगा.’ विद्यार्थी आठ वैशिष्ट्ये लिहितो आणि उत्तीर्ण होतो; साठ तासांत पत्र मात्र एकही लिहीत नाही. पोहण्याची लेखी परीक्षा घ्यावी, तसे हे.

आता एक वाक्य पाहू. कोणत्याही कार्यालयातून येणाऱ्या पत्रांच्या धर्तीवर ते आम्हीच रचले आहे: ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की, आपण सादर केलेला अर्ज विहित निकषांची पूर्तता होत नसल्याने अपात्र ठरविण्यात आला आहे, याची नोंद घ्यावी.’ शुद्धलेखनाच्या दृष्टीने त्यात दोष नाही. पण कर्ता शोधू लागा. ‘कळविण्यात येते’: कोणाकडून? ‘ठरविण्यात आला’: कोणी ठरवला? निकषांची पूर्तताही आपली आपण होत नाही. संपूर्ण वाक्यात क्रिया करणारा माणूस एकच, तो म्हणजे अर्जदार. त्याने अर्ज सादर केला, आणि आता नोंदही त्यानेच घ्यायची. बाकी सगळे पाऊस पडावा तसे घडते.

प्रयोगविचार आम्ही सगळेच शिकवतो. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’चे नाव घेतो, राम आणि रावण यांच्याकडून आलटूनपालटून एकमेकांस मारवतो. परंतु हाच प्रयोगविचार तहसील कचेरीच्या पत्रापाशी आणून ठेवला, तर व्याकरण हा सत्तेच्या व्यवहाराचा भाग आहे हे विद्यार्थ्याला पहिल्यांदा दिसते. कार्यालयाची बाजूही सांगितली पाहिजे. निर्णय पदाचा असतो, व्यक्तीचा नव्हे. मसुदा कारकुनाच्या मेजावरून वरवर चढत जातो. कर्ता लपवण्यामागे नेहमीच लबाडी असते असे नाही. ही चर्चा वर्गात व्हावी. कवितेतल्या निवेदकाविषयी तासभर बोलणाऱ्यांना ती जड जाऊ नये.

खरी गंमत पुढे आहे. ‘हे पत्र सोप्या मराठीत लिहा’ असे सांगितले की विद्यार्थी प्रथम ‘उपरोक्त’ आणि ‘विहित’ काढून टाकतात. तेवढ्याने अर्जदाराला अधिक काही कळत नाही. मग कोणीतरी लिहू पाहतो, ‘तुमच्या अर्जासोबत अमुक दाखला नव्हता, म्हणून आम्ही तो नामंजूर केला. अमुक तारखेपर्यंत दाखला द्या. निर्णय मान्य नसेल तर अमुक अधिकाऱ्याकडे अपील करा.’ आणि येथे त्याचे लेखन अडते. कोणता दाखला, कोणती तारीख, कोणता अधिकारी, यांतले मूळ पत्रात काहीच नाही! शासकीय मराठीच्या संस्कृतप्रचुर शब्दांवर आपण वर्षानुवर्षे भांडत आलो. पण दुर्बोधता नेहमी शब्दांत नसते, पुष्कळदा ती न सांगितलेल्या मजकुरात असते.

हा विषय हलका मानणाऱ्यांनी जरा मागेही पाहावे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशात दहा वर्ग आहेत, आणि त्यांत दुर्गवर्गाच्या जोडीला लेखनवर्ग व पण्यवर्गही आहेत. पत्राचा मायना कोणास कसा लिहावा, हे सांगणारी मेस्तके मराठीत शतकानुशतके चालत आली. म्हणजे व्यवहाराच्या लेखनाचा विचार ही पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्राची देणगी नव्हे. राजभाषा अधिनियम १९६४ चा. स्थानिक प्राधिकरणांसाठीचा कायदा २०२२ चा. अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. मराठी वापरलीच पाहिजे, हे कायद्याने सांगून झाले. ती वाचणाऱ्याला कळेल अशी कशी लिहावी, हे शिकवायचे काम आमच्या विभागांचे होते, आणि आम्ही ते आठ वैशिष्ट्यांवर भागवले.

आमची मागणी म्हणूनच माफक आहे. पत्रिकेतले लेखनप्रकार निम्म्याने कमी करावेत. विद्यार्थ्याने सत्रभरात किमान दहा मजकूर लिहावेत, आणि त्यांतले निम्मे परत मिळाल्यावर पुन्हा लिहावेत. दुसऱ्या सत्रातल्या कार्यप्रशिक्षणासाठी केवळ वृत्तपत्राच्या कचेरीत पाठवून प्रमाणपत्र आणण्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकापाशी उभे राहून तो कोण वाचते, कोठे अडते, हे नोंदवावे. साहित्यप्रेमी सहकाऱ्यांना यात साहित्याचा अपमान वाटतो. आम्हांला वाटते, ज्याने कादंबरीतला मौनाचा अर्थ लावला आहे, त्यालाच या पत्रातले मौन ऐकू येईल. तेव्हा ही पत्रिका साहित्याच्या उत्तम अध्यापकानेच शिकवावी.

असा एक प्रश्न परीक्षेत घालावा, असे आम्ही एका बैठकीत सुचवले. तत्काळ शंका निघाली: आदर्श उत्तर काय द्यायचे? आम्ही म्हटले, आदर्श उत्तर नको. निर्णय कोणी घेतला, कशामुळे घेतला आणि आता पुढे काय करता येईल, एवढे वाचणाऱ्याला कळते का ते पाहून गुण द्यावेत. सर्वांनी मान डोलावली. इतिवृत्तात नोंद झाली, ‘सदर प्रस्ताव पुढील बैठकीत विचारार्थ ठेवण्यात यावा.’ कोणी ठेवावा, ते लिहिलेले नाही.