टाळ्यांनी यजमान ठरवू नका

११ डिसेंबर २०२४ रोजी फिफाची विशेष महासभा ऑनलाइन भरली. सदस्य महासंघांचे प्रतिनिधी आपापल्या देशांत संगणकासमोर बसले होते. २०३० चा पुरुषांचा विश्वचषक मोरोक्को, स्पेन आणि पोर्तुगाल यांना व २०३४ चा सौदी अरेबियाला द्यावा, असा एकत्रित प्रस्ताव आला आणि तो टाळ्या वाजवून संमत झाला. मते मोजली गेली नाहीत. कोणता महासंघ बाजूने होता, कोणता विरोधात, याची नोंद राहिली नाही. नॉर्वेच्या महासंघाने या पद्धतीवर उघड आक्षेप घेतला, पण त्याने निकालात काहीच फरक पडला नाही.

या निवडीवर जगभर जो वाद झाला तो बहुतेक सौदी अरेबिया या देशाभोवती फिरला. तो योग्य यजमान आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण त्याच्याही आधी विचारायला हवा असा प्रश्न मागेच राहिला: यजमान निवडण्याची ही रीत तरी न्याय्य आहे का? माझे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. जिथे दुसरा उमेदवार नाही, मोजलेले मत नाही आणि मोडल्यास यजमानपद जाईल अशी अट नाही, तिथे निवड झाली असे म्हणता येत नाही. या रीतीच्या समर्थनार्थ चार युक्तिवाद वारंवार केले जातात. ते एकेक करून तपासू.

पहिला युक्तिवाद असा: उमेदवारच एक होता, तर मतदान कशासाठी घ्यायचे? वरवर हा बिनतोड वाटतो. पण उमेदवार एकच का उरला, हे पाहिले की त्यातला फोलपणा दिसतो. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी फिफाच्या परिषदेने २०३० ची स्पर्धा तीन खंडांत वाटली. मुख्य यजमान मोरोक्को, स्पेन, पोर्तुगाल. आणि स्पर्धेच्या शताब्दीनिमित्त एकेक सामना उरुग्वे, अर्जेंटिना व पॅराग्वे येथे. नुकत्याच यजमान ठरलेल्या खंडाला पुन्हा बोली लावता येत नाही, म्हणजे आफ्रिका, युरोप आणि दक्षिण अमेरिका हे तिन्ही खंड एका फटक्यात २०३४ च्या स्पर्धेतून बाद झाले. उत्तर अमेरिकेकडे २०२६ ची स्पर्धा होतीच. उरले आशिया आणि ओशनिया. याच बैठकीत २०३४ साठी इच्छुकांना ३१ ऑक्टोबरपर्यंतची मुदत देण्यात आली. १४ मोठी स्टेडियम, अब्जावधींचा खर्च आणि सरकारी हमी लागणाऱ्या स्पर्धेसाठी चार आठवड्यांहून कमी वेळ! सौदी अरेबियाने त्याच दिवशी इरादा जाहीर केला आणि आशियाई महासंघाने तत्काळ पाठिंबा दिला. ऑस्ट्रेलियाने विचार केला आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी माघार घेतली. दारे आधी लावून घ्यायची आणि मग दुसरे कोणी आलेच नाही म्हणायचे, याला स्पर्धा म्हणत नाहीत.

आणि ही एकदाच घडलेली गोष्ट म्हणून सोडून देण्यासारखीही नाही. २००७ मध्ये खंडांच्या पाळीपाळीच्या नियमामुळे २०१४ ची स्पर्धा दक्षिण अमेरिकेकडे जाणार होती. कोलंबियाने माघार घेतली आणि ब्राझील एकटा उरला. तेव्हा फिफाने त्यातून धडा घेऊन पाळीचा तो नियमच मोडीत काढला. आज मात्र तीच स्थिती पुन्हा रूढ होते आहे. महिलांच्या २०३१ च्या विश्वचषकासाठी अमेरिका व तिच्या सहयजमानांची एकच बोली आली, २०३५ साठी ब्रिटनमधल्या महासंघांची एकच. यजमान श्रीमंत पाश्चात्त्य देश असला म्हणून एकतर्फी निवड न्याय्य ठरत नाही.

दुसरा युक्तिवाद जुना आहे आणि भावनेला हात घालतो: खेळात राजकारण आणू नका. पण यजमान देशांची सरकारे या स्पर्धेचा उपयोग कसा करतात ते पाहा. १९३४ मध्ये मुसोलिनीने इटलीतला विश्वचषक आपल्या राजवटीच्या जाहिरातीसाठी वापरला. अर्जेंटिनाला १९७८ चे यजमानपद १९६६ मध्येच मिळाले होते. १९७६ मध्ये तिथे लष्कराने सत्ता बळकावली, तरी स्पर्धा ठरल्याप्रमाणे झाली. ब्यूनोस आयर्सच्या ज्या मैदानावर अंतिम सामना झाला, त्याच्याजवळच नौदलाच्या एका शाळेत माणसांना कोंडून त्यांचा छळ चालला होता. राजकारण या स्पर्धेत पहिल्या दशकापासून आहे. प्रश्न विचारणाऱ्याला ‘राजकारण करू नका’ म्हणून गप्प बसवायचे आणि सत्ताधाऱ्याला मात्र सन्माननीय व्यासपीठ द्यायचे, ही तटस्थता कसली? शिवाय फिफानेच २०१६ मध्ये आपल्या घटनेत मानवी हक्कांचा आदर राखण्याची बांधिलकी लिहून घेतली. स्वतःची घटना पाळा, असे म्हणणे हे खेळात राजकारण आणणे ठरत नाही.

तिसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे, म्हणून त्याला पुरेसा न्याय द्यायला हवा. यजमानपद मिळाले की देश बदलतो, जगाचे लक्ष जाते, सुधारणा होतात, असे त्याचे सांगणे. उदाहरण कतारचे. तिथे कामगाराला मालकाच्या परवानगीवाचून नोकरी बदलता येत नसे, देशही सोडता येत नसे. त्या कफाला पद्धतीत खरोखर बदल झाले. बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवान्याची अट २०१८ पासून गेली. २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकतीची अट रद्द झाली. २०२१ मध्ये १,००० रियालचे किमान वेतन लागू झाले. हे नाकारण्याचे कारण नाही.

पण हे बदल यजमानपदामुळे आपोआप आले का? यजमानपद मिळाले डिसेंबर २०१० मध्ये. पुढची कित्येक वर्षे कामगारांची स्थिती तशीच राहिली. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे तक्रार गेली, कामगार संघटनांनी पाठपुरावा केला, पत्रकारांनी छावण्यांमध्ये जाऊन लिहिले, तेव्हा कुठे २०१७ मध्ये कतारने त्या संघटनेशी करार केला. बदल दबावाने आले आणि दबाव उशिरा आला. या उशिराची किंमत मजुरांनी मोजली. ‘गार्डियन’ने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार यजमानपद मिळाल्यापासून दक्षिण आशियातल्या पाच देशांचे ६,५०० हून अधिक स्थलांतरित कतारमध्ये मरण पावले. त्यांत २,७११ भारतीय होते. हे सर्व मृत्यू स्टेडियमच्या बांधकामावर झाले नव्हते आणि तसे म्हणणे चूक ठरेल. पण कामामुळे किती मेले, हे आजही सांगता येत नाही, कारण बहुसंख्य मृत्यूंची नोंद शवचिकित्सेविना ‘नैसर्गिक’ अशी झाली. कारण नोंदवलेच नाही की भरपाईचा दावाही उभा राहत नाही. ज्याचा नवरा किंवा मुलगा पेटीतून परत आला, त्या घराला स्पर्धेच्या भव्यतेने काय दिले?

म्हणून कतारचा धडा या युक्तिवादाच्या नेमका उलट आहे. अटी यजमानपद देण्याआधी घालायच्या असतात, कारण देईपर्यंतच देणाऱ्याचा शब्द चालतो. सौदी अरेबियाच्या बाबतीत फिफाने तीच संधी घालवली. तिथे कामगार संघटनांना बंदी आहे. २०२४ या एका वर्षात तिथे ३०० हून अधिक जणांना देहदंड दिला गेला. तरी फिफाच्या मूल्यमापनात या बोलीला ५०० पैकी ४१९.८ असे विक्रमी गुण मिळाले आणि मानवी हक्कांबाबतचा धोका ‘मध्यम’ ठरला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सौदी सरकारच्या मालकीची तेलकंपनी अरामको फिफाची बडी प्रायोजक झाली होती. गुण देणारी संस्था आणि गुण घेणाऱ्या देशाची कंपनी यांच्यात असा व्यवहार असताना त्या गुणांवर लोकांनी विश्वास का ठेवावा?

चौथा युक्तिवाद आपल्याकडे चटकन पटतो: हा सगळा पाश्चात्त्यांचा दुटप्पीपणा आहे. दोहा येथे २०२२ च्या स्पर्धेच्या पूर्वसंध्येला फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फान्टिनो यांनी हाच सूर लावला होता. यात तथ्य आहे. २००६ च्या जर्मनीतील स्पर्धेशी जोडलेल्या ६७ लाख युरोंच्या व्यवहाराने जर्मन फुटबॉलची अब्रू गेली. १९९८ आणि २०१० च्या यजमान निवडीत लाच घेतल्याची कबुली देणारा फिफाचा पदाधिकारी चक ब्लेझर अमेरिकन होता. २०२६ ची सहयजमान असलेल्या अमेरिकेने जून २०२५ मध्ये ज्या देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली, त्यांत स्पर्धेला पात्र ठरलेले इराण आणि हैती होते. खेळाडूंना सूट मिळाली, चाहत्यांना मिळाली नाही. आपल्या संघामागे जाण्याचा चाहत्याचा हक्क यजमानानेच हिरावला, तर तेही तितकेच निषेधार्ह आहे. अरब जगाला ही स्पर्धा मिळूच नये, असे मी मानत नाही. २०२२ मध्ये मोरोक्को उपान्त्य फेरी गाठणारा पहिला आफ्रिकी संघ ठरला. अरब आणि आफ्रिकी प्रेक्षकांचा तो आनंद खरा होता आणि हा खेळ त्यांचाही आहे. पण दुटप्पीपणावर उपाय एकच: सर्वांना सारखी कसोटी. कोणालाच कसोटी नको, असा निष्कर्ष त्यातून काढणे म्हणजे एकाचा अन्याय दाखवून दुसऱ्याचा अन्याय पदरात पाडून घेणे.

एवढे खंडन झाले. आता काय हवे ते सांगतो.

पहिली गोष्ट, खरी स्पर्धा आणि मोजलेले, जाहीर मत. २ डिसेंबर २०१० रोजी झुरिक येथे कार्यकारी समितीच्या २२ जणांनी बंद दाराआड २०१८ साठी रशिया आणि २०२२ साठी कतार निवडले. फिफाच्याच तांत्रिक अहवालात सर्व बोलींमध्ये एकट्या कतारचा एकूण धोका ‘मोठा’ ठरला होता. तरी अखेरच्या फेरीत कतारने अमेरिकेला १४ विरुद्ध ८ मतांनी हरवले. त्या २२ पैकी अनेकांवर पुढे भ्रष्टाचाराचे आरोप, खटले आणि बंदी आली. त्या लज्जास्पद अनुभवानंतर पुरुषांच्या स्पर्धेचा यजमान निवडण्याचा अधिकार महासभेकडे गेला आणि काही काळ तो नीट वापरलाही गेला. १३ जून २०१८ रोजी मॉस्कोत २०२६ साठी अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांच्या संयुक्त बोलीला १३४ आणि मोरोक्कोला ६५ मते पडली. कोणी कोणाला मत दिले, हे जगाने वाचले. १७ मे २०२४ रोजी बँकॉकमध्ये महिलांच्या २०२७ च्या स्पर्धेसाठी ब्राझीलने बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीच्या बोलीला ११९ विरुद्ध ७८ मतांनी हरवले. म्हणजे सौदी निवडीच्या सातच महिने आधी हीच महासभा रीतसर मतदान घेऊ शकत होती. एकच बोली आली तर पात्रतेचे नियम शिथिल करून मुदत वाढवावी, आणि तरीही एकच उरली तर होय-नाही असे मत प्रत्येक महासंघाच्या नावाने नोंदवावे.

दुसरी गोष्ट, मोडल्यास परिणाम भोगावा लागेल अशी अट. मजुरांचे वेतन वेळेवर मिळणे, प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी, भरपाईचा निधी, पत्रकारांना आणि चाहत्यांना मुक्त प्रवेश या गोष्टी यजमान करारात लिहिल्या जाव्यात, करार प्रसिद्ध व्हावा आणि वर्षावर्षाला त्याची तपासणी फिफाच्या बाहेरच्या लोकांनी करावी. दिलेले यजमानपद काढून घेता येत नाही, असे सांगितले जाते. इतिहास तसे सांगत नाही. १९८६ ची स्पर्धा मुळात कोलंबियाला मिळाली होती. १९८२ मध्ये त्या देशाने खर्च परवडत नाही म्हणून ती सोडली आणि पुढच्या वर्षी मेक्सिकोला ती मिळाली. २०२३ मध्ये इस्रायलच्या सहभागावरून वाद झाला, तेव्हा फिफाने २० वर्षांखालील मुलांचा विश्वचषक इंडोनेशियाकडून काढून अर्जेंटिनाला दिला, तोही स्पर्धेला काही आठवडे उरले असताना. इच्छा असली की स्पर्धा हलवता येते.

तिसरी गोष्ट, आकार आवाक्यात आणणे. ४८ संघ, १०४ सामने आणि किमान ४०,००० आसनांची १४ स्टेडियम हे गणित मोजक्या देशांनाच झेपते. जितकी मागणी मोठी, तितके उमेदवार कमी आणि सरकारी तिजोरी मोकळी सोडणाऱ्या राजवटींचे वजन जास्त. ब्राझीलने मानाउसला अॅमेझॉनच्या जंगलात सुमारे ४४,००० आसनांचे स्टेडियम बांधले. तिथे विश्वचषकाचे चार सामने झाले आणि शहरात अव्वल श्रेणीचा क्लबच नव्हता. २०१३ मध्ये लाखो ब्राझिलियन रस्त्यावर उतरले, तेव्हा शाळा आणि रुग्णालयेही याच दर्जाची द्या, अशी त्यांची मागणी होती. याउलट २०१७ मध्ये भारताने १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक नवी मुंबई, मडगाव, कोलकाता अशा सहा शहरांतल्या हाती असलेल्या मैदानांवर भरवला. त्याचा पसारा लहान होता हे मान्य, पण तत्त्व मोठ्या स्पर्धेलाही लागू पडते. जुन्या मैदानांवर भर देणाऱ्या आणि शेजाऱ्यांनी मिळून केलेल्या बोलींना अधिक गुण द्या, म्हणजे उमेदवार आपोआप वाढतील.

या सगळ्यात भारताचा संबंध काय? आपला संघ विश्वचषकात नसतो, पण आपली माणसे तिथे असतात. सौदी अरेबियात वीस लाखांहून अधिक भारतीय राहतात. कोकणातल्या कितीतरी घरांची चूल आखातातल्या पगारावर पेटते. रियाध, जेद्दा आणि निओमची स्टेडियम उभी राहतील तेव्हा उन्हात उभे राहणाऱ्यांत आपली मुले असतील. २११ सदस्यांत अखिल भारतीय फुटबॉल महासंघालाही इतरांइतकेच एक मत आहे. ज्या देशाचे इतके मजूर तिथे राबणार, त्या देशाच्या महासंघाने ते मत टाळ्यांत विरून जाऊ देऊ नये. प्रत्येक निवडीला नावानिशी मतदान व्हावे आणि मजुरांच्या संरक्षणाच्या अटी करारात असाव्यात, हा ठराव भारतीय महासंघाने फिफाच्या महासभेत मांडलाच पाहिजे. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका आणि पाकिस्तान यांचे मजूरही तिथेच राबतात. त्यांना सोबत घेतले तर या मागणीमागे पाच मते उभी राहतील. ठराव फेटाळला गेला तरी कोणी फेटाळला, हे निदान जगाला कळेल.