कंपनीला भागभांडवल, शेतकऱ्याला नुसते कर्ज



धुळे जिल्ह्यात साक्रीच्या माळावर किंवा साताऱ्याकडे पाटणच्या पठारावर गेलात तर कोरडवाहू रानात पवनचक्क्या उभ्या दिसतात. त्यांतल्या अनेक पुण्याच्या सुझलॉन कंपनीने उभ्या केलेल्या आहेत. खालच्या रानात पैसा कोठून येतो हे आपल्याला पाठ आहे. आधी सोसायटीचे पीककर्ज, ते पुरले नाही तर कृषिसेवा केंद्राची उधारी, तीही संपली की सावकार. वरच्या चक्कीला पैसा कोठून आला, हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही. ते आज समजून घेऊ.

कंपनीकडे पैसा दोन वाटांनी येतो. एक वाट कर्जाची. पीक येवो न येवो, ठरल्या तारखेला व्याजासह परत. दुसरी वाट भागाची, म्हणजे शेअरची. ही बटईसारखी समजा. नफा झाला तर वाटा, बुडाले तर दोघांचे बुडाले. शेअर घेणाऱ्याला कंपनीकडे पैसे परत मागता येत नाहीत. नको असेल तर त्याने तो शेअर बाजारात दुसऱ्याला विकावा. कंपनीचे दिवाळे वाजले तरी शेअरवाल्याचे नुकसान त्याने घातलेल्या पैशापुरतेच. त्याच्या घरावर कोणी जप्ती आणत नाही.

आता हिशेब पाहा. २००५ साली सुझलॉनने आपले शेअर प्रथमच लोकांना विकायला काढले. दहा रुपये दर्शनी किमतीचा शेअर ५१० रुपयांना. एकूण सुमारे १,५०० कोटी रुपयांची ही विक्री होती. पाऊस चांगला दिसला की आपण उचल वाढवतो, तसे पुढे झाले. २००६ मध्ये बेल्जियमची हॅन्सन ही गिअरबॉक्सची कंपनी ४६ कोटी ५० लाख युरोंना घेतली. २००७ मध्ये जर्मनीच्या आरईपॉवर कंपनीवर ताबा मिळवला. यासाठी बँकांचे कर्ज काढले आणि त्याच वर्षी परदेशातून ५० कोटी डॉलरचे परिवर्तनीय रोखे उभे केले.

हे रोखे नीट समजून घ्या, कारण डाव येथेच आहे. परदेशी गुंतवणूकदार पाच वर्षांसाठी डॉलर देतो. दरवर्षी व्याज काही नाही. मुदतीत कंपनीच्या शेअरचा भाव ठरलेल्या भावाच्या वर गेला तर तो रोख्याचे शेअर करून घेतो, मग कंपनीला काही परत द्यावे लागत नाही. भाव वर गेला नाही तर मुदतीला तो डॉलरच परत मागतो, आणि तेही मुद्दलापेक्षा चढ्या रकमेने. तेजीत सगळ्यांनाच हे फुकटचे पैसे वाटतात. सरकी पेरतानाच कापूस दहा हजारांनी जाणार असे धरून मुलीचे लग्न ठरवावे, तसा हा प्रकार.

२००८ साली जगभर मंदी आली. अमेरिकेत कंपनीच्या पात्यांना तडे गेले. २०१२ साली रोख्यांची मुदत भरली तेव्हा शेअरचा बाजारातला भाव ठरलेल्या भावाच्या कितीतरी खाली, वीस रुपयांच्या आत होता. (दरम्यान एका शेअरचे पाच केले होते, म्हणजे ५१० चा शेअर १०२ चा धरायचा.) डॉलर २००७ मध्ये चाळीस रुपयांच्या आसपास होता, तो त्रेपन्नाच्या आसपास गेला. रुपया घसरला की आपल्या कापसाच्या निर्यातीला बरे पडते. डॉलरचे कर्ज असणाऱ्याच्या मात्र तो गळ्याशी येतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीने सुमारे २० कोटी ९० लाख डॉलर थकवले. कंपनीने चार महिन्यांची मुदत मागितली होती, ती रोखेवाल्यांनी नाकारली.

आपल्यापैकी कोणी असे थकला असता तर पुढे काय होते ते सांगायला नको. गटसचिव दारात, जामीनदाराचे तोंड चुकवणे, सातबारावरचा बोजा, आणि पुढच्या हंगामाला नवे कर्ज बंद. कंपनीचे काय झाले? जानेवारी २०१३ मध्ये स्टेट बँकेच्या पुढाकाराने बँकांनी सुमारे ९,५०० कोटींच्या कर्जाची फेरमांडणी केली. फेडीला दहा वर्षे. मुदतकर्जाचे पहिली दोन वर्षे मुद्दलही नको, व्याजही नको. व्याजाचा दर तीन टक्क्यांनी खाली. या दोन वर्षांच्या व्याजाचे पुढे शेअर करून घ्यायचे. २०१५ मध्ये कंपनीने जर्मनीतला धंदा १०० कोटी युरोंना विकला. कर्जाची फेरमांडणी २०२० मध्ये पुन्हा झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये जुन्या भागधारकांना पाच रुपयांनी नवे शेअर देऊन १,२०० कोटी उभे केले, २०२३ मध्ये मोठ्या गुंतवणूकदारांना शेअर देऊन आणखी २,००० कोटी. त्यातून बरेच कर्ज फिटले. पाती अजून फिरत आहेत.

हे सांगताना कंपनीवर आमचा राग नाही. धंदा बुडू न देता देणे वसूल करणे हाच शहाणपणाचा व्यवहार आहे. शेअरवाल्यांनी मार खाल्ला, बँकांनी थोडा सोसला, कंपनी जगली. आमचा प्रश्न एवढाच की हा शहाणपणा कपाशीच्या रानात का उतरत नाही? पीककर्जाचे पुनर्गठन होते, नाही असे नाही. पण त्यासाठी नैसर्गिक आपत्ती जाहीर व्हावी लागते, पैसेवारी पन्नासच्या आत यावी म्हणून तलाठी-तहसीलदारांकडे खेटे घालावे लागतात. पाऊस बरा झाला, बोंडे भरली आणि भाव पडला, तर ती आपत्ती कोणत्याही नियमात बसत नाही. कंपनीला मंदी हे कारण चालले. आपल्याला चालत नाही.

याहून मूळचा फरक असा की आपल्या शेतीत बटईचा पैसा येतच नाही, येतो तो सगळा कर्जाचा. जोखीम पावसाची, बोंडअळीची, भावाची, आणि ती सोसायला एकच खांदा. २००३ पासून शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येते, पण तिचे शेअर उत्पादक सभासदांनाच देता येतात आणि शेअरबाजारात नोंदवता येत नाहीत. त्यामागचा हेतू चांगला आहे, शेठजीने कंपनी गिळू नये हा. पण परिणाम असा की पाचशे कोरडवाहू शेतकरी हजार-हजार रुपये घालतात, पाच लाख जमतात, आणि जिनिंगसाठी पुन्हा बँकेच्या पायरीवर जावे लागते.

नाशिकजवळच्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने यातून एक वाट काढली. शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी वर ठेवली, तिच्या खाली प्रक्रियेची साधी कंपनी काढली, आणि तिच्यात २०२२ साली युरोपातल्या गुंतवणूकदारांकडून सुमारे ३१० कोटी रुपये भाग म्हणून घेतले. हा पैसा व्याज मागत नाही. पण तो कारभारात मत मागतो आणि कधीतरी नफ्याने विकून बाहेर पडायचे म्हणतो, हेही लक्षात ठेवा. शिवाय ती द्राक्षांची आणि टोमॅटोची गोष्ट आहे. रुईच्या गाठी आणि सरकीच्या तेलावर असा भरवसा कोणी टाकायचा, तर आधी सलग चार-पाच वर्षांचे चोख हिशेब दाखवावे लागतील. आपल्याकडच्या बऱ्याच उत्पादक कंपन्यांचे हिशेब एका पिशवीत आणि अध्यक्षांच्या डोक्यात असतात.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावच्या उत्पादक कंपनीचा मागच्या सालचा ताळेबंद बरोबर आणा. नसेल तर अध्यक्षांना घेऊन या. त्यात भागभांडवल किती आणि कर्ज किती, या दोन ओळी प्रत्येकाने स्वतः वाचायच्या आहेत, आणि कपाशीचा भाव पडला तर त्या कर्जाचे काय करायचे यावर दुपारच्या सत्रात बोलायचे आहे.