वाळवी कुणाची : मालकाची की भाडेकरूची?

डोंगरी असो, मदनपुरा असो की भिवंडीतील एखादी जुनी चाळ असो, आपल्या कारागिराची खोली ही बहुधा नुसती राहण्याची जागा नसते. खाली मुले झोपतात आणि वर माळ्यावर तयार मालाचे गठ्ठे असतात. अशा खोलीत उंदीर, ढेकूण किंवा वाळवी शिरली की दुहेरी नुकसान होते. झोप जाते आणि मालही जातो. उंदराने रात्रीत चार कुर्ते कुरतडले, तर व्यापारी माल परत करतो, मजुरी कापतो आणि कापडाची भरपाईही मागतो. मालकाकडे जावे तर उत्तर ठरलेले असते : "भाडे देता किती आणि बोलता किती!"

हे ऐकून काही जण गप्प बसतात, तर काही रागाने भाडेच थांबवतात. आमच्या मते दोन्ही मार्ग चुकीचे आहेत आणि दुसरा तर घातक आहे. भाडे थकले की मालकाला जागा खाली करून घेण्याचे कारण आपण आपल्या हाताने देतो. मूळ तक्रार बाजूला पडते आणि कोर्टात थकबाकीदार म्हणून आपणच उभे राहतो. भाडे वेळेवर, शक्यतो चेकने किंवा बँकेमार्फत द्यावे आणि पावती मागून घ्यावी. पावती देणे मालकावर बंधनकारक आहे.

मग भाडेकरूच्या हातात काय उरते? बरेच उरते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा असून तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. तो राहत्या खोलीला लागू आहे, तसाच धंद्याच्या गाळ्याला आणि गोदामालाही. त्याच्या कलम १४ प्रमाणे, उलट करार नसेल तर जागा राहण्यायोग्य व दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. लेखी नोटीस दिल्यापासून १५ दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र अशी वजावट एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या एकचतुर्थांशापेक्षा जास्त करता येत नाही. खर्चाचा हिशेब आणि पावत्या नीट ठेवल्या, तर तो हिशेब मालकावर बंधनकारक ठरतो.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. कायद्यात 'दुरुस्ती' हा शब्द आहे, 'ढेकूण' हा नाही. नुसते "खोलीत उंदीर झाले आहेत" असे लिहिले तर मालक म्हणेल, तुमच्या घरातील धान्यामुळे झाले. म्हणून नोटिशीत कारण लिहावे. सांडपाण्याचा पाइप फुटला आहे, मोरीची जाळी तुटली आहे, जोत्याला भेगा पडल्या आहेत, तुळई कुजली आहे, असे स्पष्ट लिहावे, फोटो जोडावेत आणि स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवावी. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करून वर चढते आणि तिला ओल लागते. ओल थांबवणे ही दुरुस्तीच आहे.

आता खरी अडचण पाहू. पागडीच्या खोलीचे भाडे महिना ३०० रुपये धरले, तर वर्षाचे ३,६०० झाले आणि त्याचा चौथा हिस्सा अवघा ९०० रुपये. तेवढ्यात एका खोलीचे काम होणेही कठीण. शिवाय एका खोलीत फवारा मारून उपयोग नसतो. ढेकूण भिंतीच्या भेगांतून शेजारी जातो आणि आठवड्याने परत येतो. म्हणून ही लढाई एकट्याने लढण्याची नाही. कायद्याने भाडेकरूंना एकत्र नोटीस देण्याची व एकत्र दुरुस्ती करण्याची मुभा दिली आहे. वीस बिऱ्हाडे एकत्र आली तर त्याच हिशेबाने १८,००० रुपयांची वजावट होते आणि सगळी इमारत एकाच दिवशी करून घेता येते. मुंबईत उंदरांसाठी महापालिकेच्या कीटकनाशक खात्याकडे तक्रार करता येते. एकाच्या अर्जापेक्षा वीस सह्यांच्या अर्जाला वजन असते.

लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. कलम १४ चे संरक्षण भाडेकरूला आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याने त्यावर विसंबू नये. त्याचे संरक्षण म्हणजे त्याचा करारनामा. सही करण्यापूर्वी माळा, मोरी आणि कपाटामागची भिंत बघावी. कीड आढळल्यास खर्च कुणाचा आणि किती दिवसांत काम झाले नाही तर डिपॉझिट परत घेऊन जागा सोडता येईल, या दोन ओळी लिहून घ्याव्यात.

एक इशाराही देतो. पैसे वाचवण्यासाठी धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या कुणीही खोलीत ठेवू नयेत. त्यातून निघणारा वायू शेजारच्या खोलीत झोपलेल्याचाही जीव घेतो. परवानाधारकाकडूनच काम करून घ्यावे, हमी लेखी घ्यावी आणि बिल मागावे. काम निकृष्ट झाल्यास ग्राहक आयोगाकडे जाता येते.

आपल्या वाचकांत इमारतींचे मालकही आहेत. त्यांना एवढेच सांगणे आहे की, वाळवी भाड्याची पावती बघून लाकूड खात नाही. ती तुमचीच तुळई खाते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तो मांडवीच्या गोदामांच्या वस्तीत, आणि त्याने मालकाला सोडले नाही की हमालालाही. भाडे कमी आहे ही मालकाची तक्रार खोटी नाही. पण तिचे उत्तर पडलेली मोरी नव्हे. दोघांनी निम्मा-निम्मा खर्च उचलून काम केले तर कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही. मालक तयार नसेल, तर नोटीस आहेच. ती आजच लिहावी. पावसाळा लागला की ओल वाढते आणि कीडही.